उरलेले सोमवार

मंगळवारी माझी पत्नी गेली. सकाळी तिने आम्हां दोघांचे डबे भरले. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. संध्याकाळी प्रवरेच्या काठी अंत्यविधी झाला. मुलगी अकरावीत होती.

एवढं लिहून मी पुष्कळ दिवस थांबलो होतो. पुढे जे लिहायचं आहे ते पत्नीबद्दल कमी आणि मुलीच्या पोटाबद्दल, तिच्या पाळीबद्दल जास्त आहे. बापाने लिहावं असा हा विषय नव्हे, असं नातेवाइकांनी मला सांगून झालं आहे. मग कोणी लिहावं, ते मात्र कोणी सांगत नाही. मुलीने मजकूर वाचला. दोन वाक्यं काढायला लावली, ती मी काढली. बाकीचं राहू द्या म्हणाली.

मी श्रीरामपूरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. राहतो कोल्हारला. मुलगी त्याच महाविद्यालयात विज्ञान शाखेला, त्यामुळे सकाळची एसटी आम्ही एकत्रच पकडतो. शेजारी शेजारी बसतो. ती खिडकीशी, मी पेपर घेऊन. इतक्या जवळ बसूनही माणसाला काही कळत नाही, हे मला त्या वर्षी समजलं.

तेरावं झालं की आमच्याकडे दुखवट्याची जेवणं सुरू होतात. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना एकेक नातेवाईक घरी बोलावतो आणि गोड खाऊ घालतो, म्हणजे दुःख सुटलं. नाही म्हणायचं नसतं. पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजाम, पुन्हा पुरणपोळी. वाढणारी बाई डोळ्याला पदर लावून समोर उभी असते आणि आपल्या तोंडात घास जाईपर्यंत हलत नाही. जिला घरी भाकरीचा तुकडा गिळवत नव्हता, ती माझी मुलगी लोकांच्या घरी तुपात बुडवलेल्या पोळ्या खात होती, कारण समोरची बाई रडत होती. घरी आली की ओकायची. दुसऱ्या दिवशी काहीच खायची नाही. तिचं पोट बिघडायला इथून सुरुवात झाली असं मी सगळ्यांना सांगत असतो. डॉक्टर म्हणतात, इतकं सोपं नसतं. असेल.

माझी थोरली बहीण शेवगावला असते. मी तिला अक्का म्हणतो. तेराव्यापर्यंत आमचं घर तिनेच सांभाळलं, चूल पेटती ठेवली, आल्यागेल्याला चहा दिला. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे.

पत्नीने त्या श्रावणात सोळा सोमवार धरले होते. दिवसभर उपास, संध्याकाळी महादेवाची पूजा, बेल, मग बिनमिठाचा गव्हाचा चुरमा. कशासाठी धरले ते तिने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "झाल्यावर सांगीन." थोडे सोमवार उरले असताना ती गेली.

शेवगावला परत जायच्या आदल्या दिवशी अक्काने हा विषय काढला.

"वरत असं अर्ध्यात टाकून चालत न्हाई. पोरीनं पुरं करावं. आईचं पुण्य हाय, पोरीलाच लागंल."

"अक्का, तिला अभ्यास आहे. परीक्षा आहे."

"परीक्षा काय सोमवारी रातच्याला आसती?"

मुलगी दाराशी बसली होती. कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून बोलली. "उरलेले करायचे ना, आत्या?"

"उरलेले कशाचे? मधी सुतक आलं. मोडलं ते. पयल्यापासून धरायचे, सोळाच्या सोळा. आन अडचणीतला सोमवार मोजायचा न्हाई."

मी त्याच वेळी काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाचणाऱ्याला वाटेल. पण मुलीच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी करायची इच्छा दिसली होती. ती मोडायला माझी जीभ रेटली नाही.

सोमवार सुरू झाले. मार्गशीर्ष लागला तेव्हा गुरुवारही आईचे होते म्हणून तेही सुरू झाले. उपासाच्या दिवशी साबुदाणा, नाहीतर नुसता चहा. बाकीच्या दिवशी भूक नाही. सकाळी बस लवकर, म्हणून खाणं नाही. कॉलेजात मुलींच्या संडासाला कडी नाही, म्हणून दिवसभर पाणी नाही. डबा जसा जायचा तसा परत यायचा आणि संध्याकाळी तो मीच खायचो, टाकवत नाही म्हणून. पौषापर्यंत तिची हनुवटी टोकदार दिसायला लागली. पोट मात्र फुगलेलं. साफ होत नाही, जड वाटतं, गॅस होतो, एवढंच सांगायची.

आमच्या भागात पोट हा सार्वजनिक विषय आहे. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस राहुरी येईपर्यंत आपलं पोट सकाळी किती वाजता साफ होतं ते सांगतो आणि आपल्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतो. त्यामुळे मुलीचं पोट बिघडलंय म्हटल्यावर उपायांचा पूर आला. त्रिफळा. इसबगोल. कोमट पाण्यात तूप. ओवा भाजून. आमच्या शिपायाने सांगितलं, सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावायला सांगा, माझ्या मंडळींना त्याशिवाय होतच नाही. अकरावीतल्या मुलीने दाताला तंबाखू घासायची. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्याला वाटलं, मी लक्षात ठेवतोय.

मी रोज मुलीला विचारायचो, "पोट साफ झालं का?" ती हो किंवा नाही म्हणायची. माझ्या परीने मी काळजी घेत होतो.

पाळी हा मात्र खाजगी विषय. इतका खाजगी, की घरातल्या घरातही त्याला नाव नाही. अडचण. बाहेरची. कावळा शिवला. पत्नी होती तेव्हा ते खातं तिच्याकडे होतं. मुलगी आणि ती काहीतरी खुणेनं बोलायच्या आणि मी पेपर वर धरायचो. ती गेल्यावर किराण्याबरोबर पॅडचे पुडेही मीच आणायला लागलो. मेडिकलवाला पुडा आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, मग ती पिशवी काउंटरखालून द्यायचा. खोकल्याचं औषध तो सगळ्यांसमोर देतो, जुलाबाचंही देतो.

फाल्गुनात एका रविवारी मी न्हाणीघरातलं कपाट पुसत होतो. वरच्या फळीवर पुडे होते. संक्रांतीच्या सुमारास आणलेला होता, त्याच्या आधीचा होता, दोन्ही बंद. मी फडकं हातात घेऊन बराच वेळ तिथे उभा होतो. ही गोष्ट विचारायची कशी, याचं एकही वाक्य मला सुचेना. एवढी पुस्तकं सांभाळतो, पण बापाने मुलीला हे विचारायचं वाक्य त्यांत कुठे वाचल्याचं आठवलं नाही.

ती मेथी निवडत बसली होती.

"पॅड संपत नाहीयेत," मी म्हणालो.

"हं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लागत नाहीयेत, पप्पा."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून. पहिल्यांदा गोळ्यांनी पुढे जायची. मग गोळ्या थांबवल्या तरी आली नाही."

"कसल्या गोळ्या?"

तिने माझ्याकडे, मी तिला सोपं गणित विचारावं तसं पाहिलं. "पुढे ढकलायच्या. सगळ्या घेतात. गौरीला घेतात, लग्नाला घेतात. आत्यांनी फोनवर सांगितलं होतं, सोमवार पाळीत जायला नको म्हणून. मेडिकलमध्ये मिळतात."

"आणल्या कोणी?"

"मीच. तुम्ही स्टँडवर पेपर घेत होता तेव्हा."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तुम्ही विचारता, पोट साफ झालं का. त्याचं उत्तर देते ना मी."

मेथीची जुडी अर्धी झाली होती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मी उठलो आणि बाहेर जाऊन अक्काला फोन लावला. रागाने लावला होता, पण तोंडातून जे निघालं ते असं निघालं:

"अक्का, तिचं ते बंद झालंय."

"ते म्हंजी?"

"ते. महिन्याचं."

"आसं का. मंग एका परीनं बरंच की. सोमवार तर चुकायचे न्हाईत."

"अक्का, ही काय बरी गोष्ट आहे?"

"तसं न्हाई म्हनत रं. पोट साफ हुतंय का तिचं? पोटात आडकून बसलं आसंल. एरंडेल दे. कच्ची पपई दे. तीळ-गूळ दे. उष्णता पडली का येतंय आपोआप. आन डाक्टरकडं नेऊ नगंस एवढ्यात. लगीन व्हायचंय पोरीचं, लोक इचारत्यात कशाला नेलं म्हनून."

मुलगी सोळा-सतरा वर्षांची. तिच्या लग्नाला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण लोक विचारतात. ते लोक मला आजवर भेटलेले नाहीत. भेटले तर मला त्यांना पुष्कळ विचारायचंय.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी शरीरशास्त्राची क्रमिक पुस्तकं काढली. मोबाइलवरही पाहिलं, आणि ते पाहून डोकं आणखी उठलं. एक बाई आठवड्यात हार्मोन जाग्यावर आणत होती, जवसाने आणि भोपळ्याच्या बियांनी. दुसरी म्हणत होती, सगळे रोग आतड्यातून, दही खा. तिसरी म्हणत होती, दही सोडा. पुस्तकं निदान आवाज चढवत नव्हती. त्यांतून मला एवढं कळलं, की आतडं ही नुसती मोरी नाही. पाळीच्या आधी एक हार्मोन वाढतं, त्याने आतडी सुस्तावतात, म्हणून पुष्कळ बायकांना त्या दिवसांत बद्धकोष्ठ होतं. पाळी सुरू झाली की गर्भाशय आवळणारी जी द्रव्यं तयार होतात ती शेजारच्या आतड्यालाही हलवतात, म्हणून मग उलट होतं. वापरून झालेलं हार्मोन यकृत गुंडाळून आतड्यात टाकतं, शौचावाटे ते बाहेर पडावं म्हणून. आतड्यातले काही सूक्ष्म जीव ती गुंडाळी सोडतात आणि त्यातलं थोडं पुन्हा रक्तात जातं. कोणते जीव किती आहेत, ते आपण काय खातो यावर पुष्कळसं ठरतं.

म्हणजे ज्या दोन गोष्टींपैकी एक आम्ही चारचौघांत ओरडून बोलतो आणि दुसरी काळ्या पिशवीत घालतो, त्या दोन्ही पोटात शेजारी राहतात आणि एकमेकींशी रोज बोलतात. बोलत नव्हतो ते आम्हीच.

अक्काचं न ऐकता मी मुलीला श्रीरामपूरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाहेरच्या बाकावर सगळ्या बायका. एकीने मुलीला विचारलं, "मम्मी नाही आली?" मुलगी म्हणाली, "नाही." त्या बाईने मग माझ्याकडे पाहिलं, मी चुकीच्या डब्यात चढलो असल्यासारखं.

डॉक्टरांनी आधी मुलीला एकटीला आत घेतलं, मग मला बोलावलं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी अशा तपासण्या सांगितल्या. गरोदरपणाचीही करू, पाळी चुकलेल्या सगळ्यांचीच करतो, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मुलगी हसली आणि म्हणाली, "करा, पप्पांना झोप येईल." तिला हसताना मी कधीपासून पाहिलं नव्हतं, म्हणून रागवायचं राहून गेलं.

अहवाल घेऊन पुन्हा गेलो. रक्त कमी होतं. बाकी ठीक होतं.

"पोट अडकलंय म्हणून पाळी येत नाही का?" मी विचारलं. आणि मग जे वाचलं होतं ते थोडं सांगितलं, यकृत, आतडी, सूक्ष्म जीव.

"सर, खूप वाचलंय तुम्ही."

"थोडंसं."

"चुकीचं नाही वाचलं. पण हिच्या बाबतीत ते पुढचं पान आहे. पहिलं पान साधं आहे. ही खात नाही." त्या मुलीकडे वळल्या. "पुरेसं खाणं येत नाही असं दिसलं, की शरीर थांबवता येतील ती कामं थांबवतं. पाळी पहिली थांबते. आतडीही हळू चालायला लागतात. पोटात काही नाहीच तर पुढे ढकलणार काय? दुःखाचाही त्यात वाटा असतो. मेंदूतून अंडाशयाला जो निरोप जातो तोच जात नाही. वर तू स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊन जे थोडं चालू होतं त्यातही ढवळाढवळ केलीस. आता एक बिघडलं की दुसरं बिघडतं, असं ते चालू राहतं."

"मग काय करायचं?" मुलीने विचारलं.

"गोळ्या बंद. उपास बंद. घरातून निघायच्या आधी खायचं. दिवसभर पाणी प्यायचं. भाकरी, डाळ, भाज्या, ताक, अंडं खात असशील तर अंडं. रक्तासाठी औषध देते. बियांची पूड लिहून देत नाही, त्याबद्दल आम्हालाच अजून पुरतं ठाऊक नाही."

"आणि नाही आली तर?" हे मी.

"काही महिने बघू. तेवढ्यात नाही आली तर पुढच्या तपासण्या. पण सोडून द्यायची नाही, सर. ह्या वयात हाडं भरतात. पाळी अशी बंद राहिली तर ती भरायची राहतात. नंतर नाही भरत."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बसमध्ये मी तिच्या मनगटाकडे बघत होतो.

"सोमवार बंद," मी म्हणालो.

"तीनच राहिलेत, पप्पा."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"तीन झाले की खाईन. शप्पथ."

"आणि मग उद्यापन आहे. अक्काने जोडपी सांगून ठेवली आहेत. तो दिवस पाळीत यायला नको म्हणून पुन्हा गोळ्या घेशील."

"गोळ्या कशाला? येतच नाहीये ना."

थोड्या वेळाने खिडकीतून बाहेर बघतच ती म्हणाली, "तुम्हाला पुस्तकं आहेत. माझ्याकडे आईचं एवढंच आहे. तेही अर्धं."

मी पेपर उघडला आणि बेलापूर जाईपर्यंत एकच ओळ वाचत राहिलो.

पुढच्या सोमवारी अक्का शेवगावहून आली, उद्यापनाचं ठरवायला. मी रजा घेतली होती. कॉलेजात बारावीच्या परीक्षेचं केंद्र, म्हणून अकरावीच्या मुलीला सुट्टी. सकाळपासून तिने नुसता चहा घेतला होता. दुपार कलल्यावर अक्का कढईत चुरम्यासाठी रवा भाजत होती, मुलगी ओट्याला टेकून उभी, मी दाराच्या चौकटीत. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. 'पाळी' हा शब्द वापरला. अक्काने उलथनं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मी शिवी दिल्यासारखं.

"डाक्टर काय, खा म्हनून सांगनारच," ती म्हणाली. "तेवढं मीबी सांगते."

"मग सांग की. तिला खा म्हणून सांग."

"सोमवार सोडून खा म्हनते."

"अक्का, तिची हाडं..."

"मी जलमभर उपास केले. येकादशी, चतुर्थी, सोमवार, समदं. मला काय झालं?"

"आत्या," मुलगी म्हणाली, "तुमची पिशवी काढली ना?"

गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. अक्काची ती पस्तिशीच्या आत काढली. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, बोललं मात्र कधी कोणी नव्हतं.

"ती येगळी गोष्ट हाय."

"का काढली?"

"अंगावरून लई जायचं. डाक्टर म्हनला काढून टाका, कटकट जाईल. आमच्याकडं निम्म्या बायांची काढलीय. ऊसतोडीला जानाऱ्यांची तर इचारू नगं."

"कशामुळे जायचं ते कोणी सांगितलं नाही?"

"कोन इचारतं, बाई." अक्का पुन्हा भाजायला लागली. "इचारायचं आसतं हेच म्हाईत नव्हतं."

तिच्या उपासांमुळे तिची पिशवी गेली असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसा काही संबंध मला ठाऊक नाही. पण तिच्या शरीरात काय चाललं होतं ते कोणी विचारलं नाही, तिनेही नाही, मीही नाही, हे खरं आहे. मग अक्का हळूच म्हणाली, मला वाटतं घाव परतवायलाच, "तुझ्या आईनं असं नसतं केलं. तिनं एकबी सोमवार मोडला न्हाई."

मुलगी म्हणाली, "आईला पाळी आली होती."

"कवा?"

"भाद्रपदात. सोमवारीच."

"मंग तो सोडला आसंल तिनं."

"नाही सोडला. इथेच उभी होती, ओट्याजवळ. मला म्हणाली, तू बेल वाहा, मी बघते. मी वाहिला. आणि दुपारी तिने भाकरी खाल्ली होती. पोटात दुखतंय म्हणाली, गोळी घ्यायचीय, उपाशीपोटी घेतली तर आग पडते. चटणीशी खाल्ली. मी म्हटलं, आई, उपास? तर म्हणाली, त्याला दिसतंय की मला दुखतंय ते."

हे मला माहीत नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत असणार, पेपर वर धरून.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आत्ता आठवलं. आत्या उभ्या आहेत ना, आई तिथेच उभी होती."

अक्काने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी तिचा तो एक धरताच येत न्हाई," ती म्हणाली.

"आत्या, ती गेली. आता तिचा एक कमी काय नि जास्त काय."

हे मुलीने चिडून म्हटलं नाही. पण अक्काने गॅस बंद केला. रवा एका बाजूने करपला होता. ती पाठमोरी उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, घाम असावा तसं. मग मोठ्याने म्हणाली, "मंग आज बेल कोन वाहनार?"

"पप्पा वाहतील."

मी आयुष्यात महादेवाला बेल वाहिलेला नाही. तरी हात धुतले. देवघरासमोर बसलो, तबकातलं पान उचललं आणि ठेवलं.

"पालथा," मागून अक्का म्हणाली. "बेल पालथा वाहत्यात. आन देठ आपल्याकडं. एवढी पुस्तकं वाचली, त्यात हे न्हाई का?"

"नाही, अक्का."

"मंग काय वाचतोस?"

मुलगी हसली. मी पान उलटं केलं. मागे डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तिने सकाळची भाकरी काढली होती आणि उभ्याउभ्याच शेंगदाण्याच्या चटणीशी खात होती. अक्का तिच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने ताकाचं भांडं तिच्या बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का गेली, ती रुसूनच. उद्यापन रद्द झाल्याचं जोडप्यांना तिनेच कळवलं. पुढचे सोमवार मुलीने धरले नाहीत. अक्का मात्र सोमवारी संध्याकाळी न चुकता फोन करते आणि विचारते, "खाल्लं का तिनं?" हा टोमणा आहे की काळजी, ते मला ओळखता येत नाही. बहुधा तिलाही येत नसावं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. शरीर इतकं ऐकत नाही. पोटभर खायला लागल्यावर तिचं पोट आधी जास्तच फुगलं. तिने माझ्यावर, डॉक्टरांवर आणि बाजरीवर राग काढला. सकाळी मी भाकरी थापायला शिकलो. ती कधी गोल झाली नाही. बसच्या वेळेआधी खाणं म्हणजे रोजची भांडणं. चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पाळी आली नाही. मेडिकलवाल्याने एकदा विचारलं, "सर, हल्ली पुडा नेत नाही?" मी म्हटलं, "आहेत घरी."

कॉलेज उघडल्यावर पाण्याचा प्रश्न आला. मुलींच्या संडासाला कडी बसवा म्हणून मी कार्यालयाला अर्ज दिला. मग आठवणीचा अर्ज दिला. मग त्या आठवणीची आठवण दिली. सुताराची वाट बघा असं उत्तर आलं. ग्रंथालयाला स्वतःचा एक संडास आहे, कर्मचाऱ्यांसाठी. त्याची किल्ली मी माझ्या टेबलावरच्या खिळ्याला टांगली आणि मुलीला सांगितलं, तुला आणि तुझ्या मैत्रिणींना लागेल तेव्हा न्या, विचारायचं नाही. पहिले काही दिवस त्या विचारत होत्या, तेही पुस्तक मागितल्यासारखं. आता नुसत्या येतात, किल्ली काढतात, जातात. शिपायाची तक्रार आहे. ती त्याने लेखी द्यावी असं मी सांगितलं आहे.

आषाढात एका सकाळी बसमध्ये कंडक्टर आमच्यापाशी आला होता. मी पैसे काढत होतो. शेजारून मुलगी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, पाळी आली."

कंडक्टरने एकदम पुढच्या बाकाकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोन श्रीरामपूर." तिकिटं घेतली. मग तिला विचारलं, "दुखतंय?"

"थोडं. पोट पण बिघडलंय सकाळपासून."

"ते त्यामुळेच."

"माहितीय. आमच्या पुस्तकात आहे." ती बाटलीतलं पाणी प्यायली आणि खिडकीकडे वळली. मी पेपर उघडला नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तिची पाळी येते, कधी वेळेवर, कधी आठवडाभर मागे. रक्त वाढलं आहे. पोट परीक्षेच्या आधी अजून बिघडतं. पॅडचा पुडा मी पिशवीशिवाय आणतो. सोमवार कशासाठी धरले होते ते पत्नीने सांगितलं नाही आणि आता ते कळणार नाही. घरात आम्ही दोघं आहोत. सोमवार राहिले आहेत, अक्काच्या मते तीन, मुलीच्या मते तो भाकरीचा धरून दोन. ते तसेच आहेत.